दादा स्वतःच वेगळा पेला ठेवतो (एचआयव्ही, सल्ला हवा आहे)

धाकटा | १४ मार्च, रात्री ११.५२

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं इथे नुसता वाचत आलो, लिहिलं कधीच नाही. आज लिहितोय, कारण घरात ज्याच्याशी मी सगळं बोलतो त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

माझा मोठा भाऊ, वय ४२, लग्न केलेलं नाही. आईबाबा दोघंही गेले. दादा आमच्याकडेच, वरच्या खोलीत राहतो. कुलर बनवायचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. २०१३ साली टीबी झाला आणि त्यातच एचआयव्ही निघाला. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत, एक दिवस चुकलेला नाही. तब्येत एवढी ठणठणीत की तो पत्रा वाकवत असताना शेजारी मी उभा राहिलो तर लोक मलाच पेशंट समजतील. पाच-सहा वर्षांपासून व्हायरल लोडच्या (रक्तातल्या विषाणूच्या मोजणीच्या) रिपोर्टवर दरवेळी एकच, ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’.

म्हणजे आजाराचं काही रडगाणं नाही. आमचं गाडं दुसरीकडेच अडलंय.

दादाचा पेला वेगळा आहे. स्टीलचाच, पण त्यावर त्याने खिळ्याने फुली कोरली आहे. ताटही वेगळं. दोन्ही स्वतः घासतो आणि वरच्या खिडकीत पालथं घालतो. हे त्याला कोणीही सांगितलेलं नाही. माझी मुलगी चार वर्षांची आहे, “मोठे बाबा” करत धावत जाते, तर हा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा. लग्नात गेला तर शेवटच्या पंगतीला. गोळ्या इथे नागपुरात मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मिळतात, पण ओळखीचं कोणी दिसेल म्हणून वर्ध्याला जाऊन आणतो. एसटीत एचआयव्हीच्या पेशंटला तिकीट माफ आहे, पण कंडक्टरला कार्ड दाखवावं लागतं म्हणून पूर्ण पैसे भरून जातो.

परवा पत्र्याने बोट कापलं. गिऱ्हाइकाच्या कुलरवर रक्ताचे दोन थेंब पडले. त्याने पुसले, डेटॉलने धुतले. एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. मग नव्या वाळ्याच्या ताट्या काढून फेकल्या, शेवटी ती पत्र्याची बाजूच कापून दुसरी बसवली आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, माल खराब निघाला. त्या रात्री जेवला नाही. मला म्हणाला, “माह्या हातचं काम लोकायनं घ्यावंच काहून?”

सीझन आता सुरू होतोय. मार्च ते जूनच्या कमाईवर त्याचं वर्ष निघतं. असाच माल फेकत राहिला तर दुकान बसेल.

आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. माझ्या बायकोला चार वर्षांपासून सगळं माहीत आहे. पण तिला माहीत आहे हे दादाला माहीत नाही. हा घोळ माझाच.

काय करू?

---

तर्रीबाज | १५ मार्च, सकाळी ७.१०

भाऊ, वाचून गलबलून आलं. सल्ला देण्याएवढी अक्कल नाही माझ्यात. धागा वर ठेवतो.

---

स्पष्टवक्ता | १५ मार्च, सकाळी ९.३४

लागण कशी झाली हे लिहिलं नाहीत. ते कळल्याशिवाय काय सल्ला देणार?

---

गवाक्ष | १५ मार्च, सकाळी १०.०५

स्पष्टवक्ता, कावीळ झालेल्याला आधी विचारता का हो, कोणत्या टपरीवर पाणीपुरी खाल्ली होती ते? सल्ल्याला त्याची गरज नाही. धाकटा, उत्तर देऊ नका.

मी सविस्तर रात्री लिहिते.

---

संपादक मंडळ | १५ मार्च, दुपारी १२.२०

मूळ लेखातून वस्तीचं नाव आणि दुकानाची खूण काढून टाकली आहे. धागाकर्त्याने आणि इतरांनीही कोणाची ओळख पटेल असं काही लिहू नये.

---

गवाक्ष | १५ मार्च, रात्री १०.४८

आधी माझी ओळख. विदर्भातल्या एका एआरटी केंद्रावर (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे) मी अकरा वर्षं समुपदेशक होते. आता घरी असते, गुडघे सांभाळते.

रिपोर्टचं आधी सांगते. त्या तीन इंग्रजी शब्दांचा अर्थ असा, की रक्तात विषाणू इतका थोडा उरलाय की मशीनलाही सापडत नाही. असा माणूस गोळ्या नियमित घेत राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ‘धोका कमी’ असं मी म्हणत नाहीये, होत नाही म्हणतेय. एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा १,७६३ जोडप्यांचा नऊ देशांत अभ्यास झाला, त्यातलं एक केंद्र आपल्या पुण्याचं होतं. २०११ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष आले तेव्हा आमच्या केंद्रावर सगळ्यांनी पेढे खाल्लेले मला आठवतात. २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दुसरा अभ्यास आला, त्यात ७८२ पुरुष-पुरुष जोडपी होती. उपचारावर असलेल्या जोडीदाराकडून एकालाही लागण झालेली आढळली नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच लिहून दिलं. (हे शरीरसंबंधापुरतं. एकच सुई दोघांनी वापरणं किंवा अंगावरचं दूध, यांचा हिशोब वेगळा.)

पेला, ताट, मिठी, घाम, संडास, डास यांच्यातून तर गोळ्या सुरू नसतानाही हा आजार कधी पसरला नाही. पत्र्यावर सांडलेलं रक्त वाळलं की विषयच संपला. कापलं तर हात धुवायचा, पट्टी बांधायची, पत्रा पुसायचा. कोणत्याही कारागिराने हेच करावं.

आता खरी गंमत. हे सगळं तुमच्या दादाला पाठ असणार. बारा वर्षं गोळ्या घेणाऱ्याला तर दर फेरीला कोणी ना कोणी हे ऐकवतंच. माझे पेशंट मला म्हणायचे, मॅडम, डोक्याला पटतं, पण हाताला पटत नाही. हात आपोआप मागे जातो. आमच्या प्रशिक्षणात याला ‘सेल्फ स्टिग्मा’ म्हणायचे आणि मराठी पुस्तिकेत एक जडजंबाल शब्द छापलेला असायचा, तो मी कधी वापरला नाही. आपल्याकडे साधं म्हणतात, माणूस स्वतःच्याच नजरेतून उतरला.

ती नजर कुठून येते तेही बघा. भारतात १९८६ साली चेन्नईत पहिल्यांदा एचआयव्ही सापडला. सरकारी फुकट औषधं आली १ एप्रिल २००४ ला, तीही सुरुवातीला देशभरातल्या आठच रुग्णालयांत. म्हणजे मधली अठरा वर्षं सामान्य माणसाजवळ औषध नव्हतं, भीतीच तेवढी होती. भिंतीवर कवट्या रंगवून आपण लोकांना घाबरवलं. तुमचा दादा त्या काळात शाळेत जात होता. ते चित्र त्याने तेव्हाच पाहून ठेवलंय आणि २०१३ मध्ये त्यात स्वतःचा चेहरा चिकटवलाय. गोळी विषाणूवर चालते, चित्रावर चालत नाही.

म्हणून माझं म्हणणं: त्याला माहितीपत्रक देऊ नका.

---

धाकटा | १५ मार्च, रात्री ११.३०

ताई, उशीर झाला. कालच मी पत्रक छापून त्याच्या खोलीत ठेवलं होतं. आज ते कुलरच्या पंपाखाली लावलेलं दिसलं, पंप हलू नये म्हणून.

---

तर्रीबाज | १६ मार्च, सकाळी ६.५५

काहीतरी उपयोग झाला म्हणायचा.

---

स्पष्टवक्ता | १६ मार्च, सकाळी ११.१५

माझा पहिला प्रश्न चुकला असेल, मागे घेतो. पण एक सांगा, त्याला वेगळा पेला ठेवून बरं वाटत असेल तर बिघडलं कुठे? कोणाचं नुकसान आहे? घरात लहान मूल आहे. काळजी घेतोय बिचारा. उगाच त्याच्या मागे लागून त्याचा पेला काढून घेण्यात काय अर्थ?

---

अबोली_ना | १६ मार्च, दुपारी ३.४०

स्पष्टवक्ता भाऊ, मी सांगते काय बिघडते ते. मी स्वतः पॉझिटिव्ह आहे, पंधरा वर्षं झाली.

पहिल्या वर्षी मी पेला वेगळा केला. मग साबण. मग दोरीवरची जागा, माझे कपडे एका टोकाला. मग पोळ्या लाटणं सोडलं, कारण कणकेत हात जातो. मग सणाला जाणं सोडलं. मग माहेरी जाणं सोडलं. आणि एक दिवस मेडिकलला गोळ्या आणायला जायचा कंटाळा आला. वाटलं, कोणासाठी? दोन महिने गोळ्या घेतल्या नाहीत. मरता मरता वाचली. हे सगळं त्या एका पेल्यापासून सुरू झालं होतं. तो पेला कोणी दिला नव्हता मले. मीच बर्डीच्या बाजारातून आणला होता, वीस रुपयाले.

मले २००९ मध्ये बाळंतपणाच्या तपासणीत समजलं. त्या वेळी आताच्यासारख्या सगळ्यांना गोळ्या नव्हत्या. कळा सुरू झाल्यावर मले एक गोळी आणि बाळाले औषधाचे थेंब, एवढंच. मुलगा अठरा महिन्यांचा झाला तेव्हा पक्की तपासणी झाली, निगेटिव्ह आला. आता मिशी फुटून राहिली त्याले. तरी तो सहा वर्षांचा होईपर्यंत मी त्याची पापी घेतली नाही. रिपोर्ट कपाटात होता. डॉक्टरनं सांगितलं होतं. मी नाही घेतली. ती सहा वर्षं मले कोण परत देणार?

आणि आणखी एक, हे मी कुठंच लिहिलं नव्हतं. कोणाले सांगायची वेळ आली की मी पहिल्याच वाक्यात म्हणायची, “नवऱ्यामुळे झालं मले.” जशी सरकारी कागदाले स्टॅम्पची तिकीट लावतात तशी. म्हणजे ऐकणाऱ्यानं समजून घ्यावं, ही बाई चांगली आहे. एकदा मेडिकलच्या रांगेत एका बाईले असंच म्हटलं. गंगाजमुनातली होती ती, धंदा करणाऱ्या बायकांच्या वस्तीतली. ती म्हणाली, “बरं आहे बाई तुझं. मले म्हणायले कोणीच नाही.” आणि तिनं डबा उघडून अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली. घरी आल्यावर लक्षात आलं, किती वर्षांनी मी दुसऱ्याच्या डब्यातलं खाल्लं. त्या दिवसापासून ‘नवऱ्यामुळे’ बंद केलं. नवरा २०१२ मध्ये गेला. त्याले बिचाऱ्याले म्हणायला तरी कोण होतं?

म्हणून पहा भाऊ, पेला म्हणजे नुसता पेला नसते.

---

स्पष्टवक्ता | १६ मार्च, संध्याकाळी ५.०२

ताई, समजलं. नमस्कार घ्या.

---

बडग्या | १६ मार्च, रात्री ९.२७

अबोलीताई, तुमचं वाचून मला आमची इतवारी आठवली.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबत निघते, बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या बाहुल्या, सोबत पुरुषांचे पुतळे, त्यांना बडगे म्हणतात. सगळं गाव ओरडतं, “ईडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!” आणि गावाबाहेर नेऊन जाळतात. शंभराच्या वर वर्षं झाली या प्रथेला. आमच्या घरावरूनच जाते. लहानपणी मी गच्चीवरून घसा बसेपर्यंत ओरडायचो.

२००७ मध्ये माझा रिपोर्ट आला. त्या वर्षी मारबत आली आणि मी गच्चीवरून खाली उतरलो, खोलीचं दार लावून बसलो. ‘रोगराई घेऊन जा’ म्हटलं की वाटायचं, मलाच न्या म्हणतात. पाच वर्षं तसाच बसलो. बायकोला सांगायचो, गर्दीत घाबरायला होतं. कोणालाच काही कळलेलं नव्हतं, हे मजेशीर आहे. अख्ख्या इतवारीत माझ्याबद्दल कोणाला काडीचंही माहीत नव्हतं आणि मी सगळ्यांकडून शिव्या खात होतो.

आता मारबतीला जातो. हे नाव म्हणूनच घेतलंय इथे.

दादांच्या गोळ्यांबद्दल एक विचारायचं होतं. आधी ती रात्री झोपताना घ्यायची गोळी होती का? तिने मला काय काय स्वप्नं पडायची! मीच बडगा झालोय आणि वरात चाललीय, असलं काहीतरी. नंतर डोल्यूटेग्राविरवाली आली आणि झोप लागायला लागली. दादा अजून रात्री जागत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा. सगळंच मनाचं नसतं, काही गोळीचंही असतं.

---

धाकटा | १७ मार्च, रात्री १२.१०

हो, तीच होती. चार वर्षांपूर्वी बदलली. आता झोपतो. म्हणजे झोपतो असं म्हणतो.

अबोलीताई, तुमचं बायकोला वाचून दाखवलं. ती मधेच उठून आत गेली.

---

जिल्हा_कोर्ट | १७ मार्च, दुपारी १.४५

थोडं रुक्ष लिहितो, सवय.

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, लागू १० सप्टेंबर २०१८ पासून. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर, विमा यांत भेदभावाला बंदी आहे. १०० किंवा जास्त माणसं असलेल्या संस्थेत आणि २० किंवा जास्त माणसांच्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. राज्यात लोकपालही. दादांना कोणी कुठे त्रास दिला असेल तर या गोष्टी कामाच्या आहेत.

त्याच कायद्यात विश्वासाने सांगितलेली ही माहिती संमतीशिवाय दुसऱ्याला सांगू नये असंही आहे. धाकटा, तुमच्या प्रकरणात कोर्टात कोणी जाणार नाही, पण तुम्ही बायकोला सांगितलंत ते दादांना विचारून सांगायला हवं होतं. आता तरी त्यांना सांगून टाका. पाचव्या वर्षी कळण्यापेक्षा चौथ्या वर्षी कळलेलं बरं.

---

धाकटा | १७ मार्च, दुपारी २.३०

मान्य. हिंमत होत नाही.

त्रास दिलाय एकदा. २०१५ मध्ये एका खासगी दवाखान्यात दाढ काढायला गेला होता. फॉर्ममध्ये खरं लिहिलं. त्याच्या कागदावर लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद बाकावर सगळ्यांसमोर ठेवला आणि दिवसभर बसवून शेवटी ‘आज होणार नाही’ म्हणाले. फुली कोरलेला पेला त्यानंतरचा आहे. हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

---

गवाक्ष | १७ मार्च, रात्री १०.१५

बघा, म्हणजे फुली त्याने कोरली, पण शाई दुसऱ्याची होती.

मला वकीलसाहेबांचं पटतं. आणि त्यात एक फायदा दिसतोय. तुम्ही त्याला शंभर वेळा सांगाल की तुझ्यापासून धोका नाही. ते शब्द. पण घरातल्या एका बाईला चार वर्षं माहीत आहे, आणि तिने या चार वर्षांत स्वतःच्या पोरीला एकदाही त्याच्याकडे जाण्यापासून अडवलं नाही. हे घडून गेलंय. ते त्याच्यासमोर ठेवा. रागावेल. रागावू दे.

दुसरं, एक गोष्ट सांगते. झिम्बाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा म्हणून मानसोपचारतज्ज्ञ आहेत. सगळ्या देशात मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, पेशंट लाखो. त्यांनी २००६ च्या सुमारास हरारेतल्या १४ आज्यांना शिकवलं आणि दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बाकडी टाकली. उदास माणसाने येऊन आजीशेजारी बसायचं. येणाऱ्यांत एचआयव्हीवाले पुष्कळ. आजी उपदेश करत नाही. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे अति विचार, डोक्यातला भुंगा. आजी ऐकून घेते आणि मग म्हणते, यातली एकच अडचण निवड, आपण तेवढीच सोडवू. २०१६ मध्ये त्याची रीतसर चाचणी जामा या नियतकालिकात आली. नेहमीच्या उपचारापेक्षा आजीच्या बाकड्याने लोक जास्त सावरले होते.

आपल्याकडे बाकडी कमी नाहीत, आज्याही नाहीत. तुम्ही फक्त एक अडचण निवडा. पेला सोडा, तो शेवटी जाईल. कापलेलं बोट घ्या, त्यात पैसा जातोय म्हणून तोही ऐकेल.

आणि त्याला त्याच्यासारखं एखादं माणूस भेटलं पाहिजे. केंद्रावर विचारलं तर गटाची बैठक कळते, १०९७ या सरकारी फुकट नंबरवर मराठीतही बोलता येतं. पण हा वर्ध्याला जाणारा प्राणी बैठकीला येईल असं मला वाटत नाही.

---

धाकटा | २६ मार्च, रात्री ११.०५

सांगितलं.

एका सकाळी, दुकानात. मी म्हटलं, दादा, हिला माहीत आहे, चार वर्षांपासून, मी तुला न विचारता सांगितलं. तो पान्हा खाली ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला. सहा दिवस माझ्याशी बोलला नाही. जेवण वर मागवलं. मला वाटलं, संपलं.

काल रात्री खाली आला. मला काही नाही, सरळ तिला म्हणाला, “चार वर्षं माहीत होतं तुले?” ती म्हणाली, हो भाऊजी. “आणि तरी दर राखीले माझी आरती करत होती?” हो. “आणि ताप आला होता तेव्हा माझा टॉवेल पिळत होती?” ती म्हणाली, “मग काय टॉवेलनं स्वतः पिळायचं होतं?”

तो हसला नाही. वर गेला. पण आज जेवायला खाली आला. पेला घेऊनच आला, ते असो.

(आमच्याकडे बहीण नाही म्हणून राखी बायकोच बांधते, कोणी नाती तपासू नका.)

---

अबोली_ना | २७ मार्च, सकाळी ८.२०

तुमची बायको मले आवडली.

---

तर्रीबाज | २७ मार्च, सकाळी ८.२२

+१

---

बडग्या | २७ मार्च, रात्री ९.४०

+१. आणि पेल्याबद्दल घाई नको. मला पाच मारबती लागल्या होत्या.

---

धाकटा | ९ एप्रिल, रात्री १०.३८

पुन्हा कापलं. अंगठा. मी योगायोगाने दुकानात होतो. त्याने कुलरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही, गवाक्षताईंनी तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं म्हणून. पट्टी बांधली, पत्रा पुसला. मग बराच वेळ कात्री हातात घेऊन ताट्यांसमोर बसला. शेवटी म्हणाला, “तुह्या त्या कागदात काय लिहिलं होतं बे, रक्त वाळलं की?” मी म्हटलं, कागद पंपाखाली आहे. काढून वाच.

ताट्या फेकल्या नाहीत. गिऱ्हाइकाला कुलर दिला. पण दोन दिवस त्या घराच्या बाजूने फेऱ्या मारत होता, लोक बरे आहेत का बघायला.

---

गवाक्ष | ९ एप्रिल, रात्री ११.००

फेऱ्या मारू द्या. कमी होतील. पेशंटची गोळी सुरू केल्यावर आम्हीही असेच फोन करून विचारायचो.

---

अबोली_ना | २१ एप्रिल, दुपारी २.१५

धाकटा भाऊ, एक विचारू? माझ्या कुलरचा पंप बंद पडला आहे. पोरगं उकडून वैतागलं. काल ४४ च्या वर गेलं होतं. मिस्त्री उद्या उद्या करते. तुमचे दादा येतील का? पैसे देईन, फुकट नको. आणि माझ्याबद्दल त्यांना सांगा. मी स्वतः सांगते आहे म्हणून सांगा. वकीलसाहेब, ही माझी संमती.

पत्ता व्यनि (खासगी निरोप) केला आहे.

---

जिल्हा_कोर्ट | २१ एप्रिल, दुपारी ४.००

नोंद घेतली.

---

धाकटा | २१ एप्रिल, रात्री ९.५०

सांगितलं. सगळं सांगितलं, हा धागाही दाखवला. आधी भडकला, “माह्याबद्दल इंटरनेटवर लिहून राहिला काय?” मग माझ्या हातातून मोबाइल घेऊन वर गेला. दोन तास परत दिला नाही. परत देताना विचारलं, “पंप कोणता आहे, १८ वॅटचा का ४० चा?”

रविवारी येतो म्हणतो.

---

अबोली_ना | २७ एप्रिल, रात्री ८.३०

आले होते. पंप बदलला, गवत साफ केलं, बॉडीले शॉक लागत होता तोही काढला. माझ्या पोरानं टॉर्च धरली.

चहा विचारला, नको म्हणाले. पुन्हा विचारला, नको. तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही, समोर आणून ठेवला. घरात कप सगळे एकसारखेच आहेत, आता वेगळा ठेवत नाही मी. बराच वेळ कपाकडे पाहत होते. निवला असेल. प्याले. मग उठून कप विसळायला मोरीकडे निघाले. मी म्हटलं, ठेवा तिथंच, पोरगा विसळते.

जाताना मले विचारलं, “तुमच्या पोराची पापी तुम्ही कधी घेतली मग?” मी म्हटलं, सहाव्या वाढदिवसाले. रडली होती का, म्हणाले. मी म्हटलं, पोरगंच रडलं, त्याले वाटलं मायले काय झालं.

पैसे पूर्ण घेतले. पंपाचे आणि मजुरीचे वेगळे सांगून.

---

बडग्या | २७ एप्रिल, रात्री ९.१०

मजुरी घेतली हे फार बरं केलं.

---

धाकटा | २८ एप्रिल, रात्री ११.२०

घरी आल्यावर त्याने काहीच सांगितलं नाही, हे सगळं मी इथेच वाचतोय. जेवताना एवढंच म्हणाला, त्यांच्या कुलरची टाकी खालून गंजली आहे, महिनाभरात गळेल, डांबर मारायला पुन्हा जावं लागेल. मी म्हटलं, जा ना मग. तो म्हणाला, टाकी आधी वाळवावी लागते, एक दिवस कुलर बंद ठेवावा लागेल, आणि या उन्हात पोरगं झोपणार कसं?

मग दुकानातला जुना कुलर त्या दिवसापुरता तिकडे कसा न्यायचा यावर अर्धा तास बोलत होता. ऑटोत मावतो की हातठेला करावा लागेल, हे अजून ठरायचं आहे. इथे कोणाकडे छोटा हत्ती असेल तर कळवा. भाडं दादा देणार आहे.